पाइप वर आला

शेवटची पायरी उतरताना माझा पाय हवेत राहिला. पडलो नाही. पाय जिथं टेकायचा तिथं जमीन नव्हती, चार बोटं खाली होती, आणि तेवढ्या चार बोटांत टाचेपासून दातांपर्यंत असा हिसका बसला की जीभ चावली गेली. एकोणीस वर्षं मी या दारातून बाहेर पडतोय. पायऱ्या सात. बर्फात, अंधारात, डोक्यात काही असताना आणि नसताना, माझे पाय त्या आपणहून मोजतात, मला त्यात लक्ष घालावं लागत नाही. आज पायांचा अंदाज चुकला आणि मला एकदम कुणीतरी फसवल्यासारखं वाटलं. बाकावर पहिल्या मजल्यावरचे म्हातारे येफिम ल्वोविच बसले होते. त्यांनी ‘प्यायलास का’ अशा अर्थी मानेवर बोटानं टिचकी मारली आणि म्हणाले, ‘‘काय स्पिरिदोन, आज सकाळी सकाळीच?’’ मी म्हटलं, ‘‘जमीन खाली गेलीय, येफिम ल्वोविच.’’ ‘‘पिणारे सगळे हेच म्हणतात,’’ म्हातारा म्हणाला. तोंडात रक्ताची चव होती. मी वाकून पाहिलं. पायरीखाली सिमेंटचा एक पट्टा उघडा पडला होता, फिकट, कारण इतकी वर्षं तो मातीत होता. उगाच, जीभ दुखत होती म्हणून, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, ‘‘इमारत वर तर आली नाही ना?’’ म्हातारा हसला. ‘‘इमारत कशाला वर येतेय? तिला काय पंख फुटलेत? तुमच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या हातात शहर दिलंय, म्हणून ही अवस्था!’’ मीही हसलो, आणि हसत हसत बस थांब्यापर्यंत गेलो, आणि तिथं उभा राहिल्यावर माझं हसू गेलं.

कारण मी सव्वीस वर्षं हेच लिहीत आलोय, की इमारत वर आली. इमारत नव्हे, पाइप. मुओस-अलासला, माझ्या गावी, कुरणाच्या कडेला, बारा महिने गोठलेल्या जमिनीत, एक बोअर आहे. दहा मीटर खोल, आत लोखंडी पाइप, तळ बंद. दर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिथं जातो, झाकण काढतो, तापमापी बांधलेली केबल पाइपच्या कडेपासून मोजून आत सोडतो आणि वाट बघत बसतो. तीन मीटरवर किती, पाचवर किती, दहावर किती. जमिनीच्या वर पाइप बरोबर तीस सेंटिमीटर असला पाहिजे, नाहीतर खोलीचं माप चुकतं. पण पाइप काही गप्प बसत नाही. दोन-तीन वर्षांनी बघावं तर तो तीसचा चाळीस झालेला. मग करवत काढायची, वरचे दहा सेंटिमीटर कापून टाकायचे, कड घासून गुळगुळीत करायची, आणि वहीत लिहायचं: पाइप वर आला, कापला. हे मला फ्योदोर कार्लोविचनं शिकवलं. बोअर खणणारा तो जुना उस्ताद, उत्तरेच्या दलदलीत त्याची हयात गेलेली. ‘‘हिवाळा लोखंडाला उपटतो, पोरा,’’ तो म्हणायचा. ‘‘विजेचे खांब उपटतो, स्मशानातले क्रूस उपटतो. पाइप वर येणारच. कापायचा आणि पुढं जायचं.’’ त्याच्या दलदलीत ते खरंच होतं, मी स्वतः ते खांब पाहिलेत. तो मेला, आणि मी कापत राहिलो, आणि प्रत्येक वेळी काप सरळ आला की मला बरं वाटायचं. कामात नीटनेटका माणूस म्हणून माझं नाव आहे. आता बस थांब्यावर मला प्रश्न पडला, आणि तो इतका साधा होता की मला कुणाच्या तोंडाकडे बघवेना. मुलाची विजार आखूड झाली तर मुलगा वाढला की विजार आटली? पाइप आणि जमीन यांच्यातलं अंतर वाढलं एवढंच मी पाहिलं होतं. कोण हललं, ते मी पाहिलंच नव्हतं.

प्रयोगशाळेत जाऊन मी सगळ्या वह्या काढल्या. खिडकीतून ऊन येत होतं, कुणीतरी कॉरिडॉरमध्ये मासे गरम करत होतं, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं याचा मला राग आला. कापलेल्या तुकड्यांची बेरीज एक मीटर बारा. माझ्याच अक्षरात, तारखांसह. आणि त्याच वह्यांत गेल्या आठ वर्षांपासून आणखी एक ओळ होती: केबल पूर्ण जात नाही, तळाशी गाळ साचला असावा. गाळ! बंद तळाच्या, वर झाकण असलेल्या पाइपमध्ये गाळ येणार कुठून? मी वरून पाइप कापत होतो आणि पाइप आखूड का झाला म्हणून गाळाला दोष देत होतो. कपाळावर हात मारून घ्यावा की मोठ्यानं हसावं ते कळेना. मग दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. तीन मीटरवरचा माझा आकडा सव्वीस वर्षं जवळजवळ तोच आहे, उणे एकच्या आसपास. त्या आकड्यानं मला पदवी दिली, त्याच आकड्यावर लोक भाषणं करतात, सगळीकडे तापतंय पण मुओस-अलास कसं घट्ट धरून आहे म्हणून. पण समजा पाइप हलला नाही. समजा वरची जमीन, तिच्यातला बर्फ वितळून, मीटरभर खाली बसली. मग दर वेळी पाइप कापून मी तापमापीच खाली नेत होतो, आणखी खोल, आणखी थंड मातीत. थंडी मागं सरकत होती आणि मी हातात केबल घेऊन तिच्या मागोमाग उतरत होतो. मग आकडा बदलेल कसा?

विभागप्रमुख ल्युबोव रोमानोव्ना माझ्याहून सहा वर्षांनी लहान, हुशार, कुणावर आवाज न चढवणारी बाई. तिनं वह्या शांतपणे पाहिल्या, चष्मा काढला, पुन्हा घातला. ‘‘समजा असंही झालं असेल,’’ ती म्हणाली, ‘‘निम्मा पाइप वर आला, निम्मी जमीन खाली गेली. वहीतून सांगता येईल?’’

‘‘नाही.’’

‘‘सगळा पाइपच वर आला असं असू शकेल?’’

‘‘असू शकेल.’’

‘‘मग तुम्ही मला नक्की काय सांगायला आलात, स्पिरिदोन वसील्येविच?’’

‘‘की मला माहीत नाही.’’

तिनं वह्या एकावर एक रचल्या. मग म्हणाली, ‘‘तुम्हाला माहीत नाही हे आठ वर्षं आधी कळलं असतं तर फार बरं झालं असतं. जिल्ह्याच्या समितीला आपण दर वर्षी लिहून देतो, जमीन स्थिर आहे. तुमच्या सहीनं.’’ आणि तिनं विचारलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर होतं, की आजच का, आज गुरुवार, उद्या शुक्रवार. मुओस-अलासमधल्या ज्यांना गाव सोडायचंय त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकार घरं बांधतंय, आणि संमतीच्या कागदावर सही करायला उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे. नंतर यादी बंद. माझी थोरली बहीण आकुलिना तिथंच राहते, मी तिला एजिय म्हणतो, म्हणजे ताई. दहा दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. गवत किती झालं, कोणती गाय भरलीय, असं सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं होतं, ‘‘स्पिरा, काय म्हणते तुझी जमीन?’’ आणि मी, तोंडात घास असताना, बातम्या बघत, म्हणालो होतो, ‘‘ठणठणीत आहे, एजिय.’’ ‘‘बरं मग,’’ ती म्हणाली होती. त्या ‘बरं मग’वर ती सही न करता बसली असणार. मी ल्युबोव रोमानोव्नाला म्हटलं की मी जाऊन येतो. ‘‘जाऊन काय करणार?’’ मला ठाऊक नव्हतं. सवयीनं मी कपाटातून करवत काढून पिशवीत टाकली.

नदी ओलांडायला बोटीनं दीड तास लागतो. डेकवर वारा होता, गाड्यांतून उतरलेले लोक कोपऱ्याकोपऱ्याला सूर्यफुलाच्या बिया सोलत उभे होते, आणि पाणी इतकं रुंद की बोट पुढं चाललीय की किनारा मागं सरकतोय हे नीट कळत नव्हतं. नेहमी मला ते आवडतं. आज मी डोळे मिटून घेतले. मिटल्यावर आई दिसली, गवताच्या गंजीवर उभी, डोक्याला पांढरा रुमाल, खालून एजिय काट्यानं गवत वर फेकतेय. मी सावलीत पुस्तक घेऊन बसलोय, आणि आई वरून ओरडतेय, ‘‘त्याला बोलावू नका गं, तो शिकतोय!’’ त्या वेळी एजिय सतरा वर्षांची. तिलाही शिकायचं होतं. दोघांचं जमण्यासारखं नव्हतं, मग ती गवताकडे राहिली आणि मी शहरात आलो, आणि घरात सगळे असं धरून चालले की शिकलेल्या माणसाला कळतं. बाबा गेले तेव्हा थडगं कुठं खणायचं हेही मला विचारलं होतं, मी तेव्हा विशीत होतो आणि मला काडीची माहिती नव्हती. मी बोट दाखवलं आणि त्यांनी तिथं खणलं. कुणालातरी काहीतरी विचारलं की माणसाला बरं वाटतं, आणि ज्याला विचारतात त्यालाही बरं वाटतं. उत्तर बरोबर आहे का, हे दोघांपैकी कुणीच बघत नाही. माझी बायको पोलिना मला सोडून गेली, तेव्हा जाताना म्हणाली, ‘‘तू लांब गेलास.’’ मला ते अजिबात पटलं नव्हतं. मी रोज त्याच खुर्चीत बसत होतो. बोटीवर, वाऱ्यात, मला वाटलं, आपल्याला ते तरी नक्की माहीत आहे का?

एजियला फोन लावला. ‘‘येतोयस? मोजायला?’’ तिचा आवाज दगदगीतला, मागं बादलीचा आवाज. ‘‘हो,’’ मी म्हटलं. खरं सांगायचं तर फोनवरच सांगून टाकायला हवं होतं: सही कर, माझ्यावर विसंबू नकोस. तेवढी दोन वाक्यं. पण मी म्हटलं, ‘‘हवा कशी आहे?’’ ‘‘तुला खिडकीतून दिसत नाही का रे, नोखो?’’ ती म्हणाली आणि फोन ठेवला. नोखो म्हणजे पोरा. छप्पन्न वर्षांच्या माणसाला असं म्हणणारं तिच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. मला स्वतःचीच चीड आली. किनाऱ्याला उतरून भाड्याच्या व्हॅनमध्ये बसलो, आणि पुढचे दोन तास मी एकच वाक्य निरनिराळ्या तऱ्हेनं जुळवत होतो. माझी चूक झाली. चूक झाली असावी. चूक झाली की नाही ते सांगता येत नाही, पण झाली नाही असंही सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य सगळ्यात खरं होतं आणि गाय राखणाऱ्या बाईला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

गावात शिरल्यावर मी घरी न जाता आधी कुरणाकडे गेलो. पाय आपोआप तिकडेच वळले. सूर्य अजून वर होता, कापलेल्या गवताचा वास होता, तळ्यावर बदकं गोळा झाली होती, आता निघतीलच. पाइप उभा होता. मी पट्टी लावली: एकोणचाळीस. गेल्या वर्षी तीसवर सोडला होता. मी त्याच्याजवळ गुडघ्यावर बसलो आणि माती दाबून पाहिली, पाइपला कान लावला, काहीतरी वेड्यासारखं. माझ्यापाशी जगातली सगळी कारणं होती. इथं पूर्वी नांगरट झाली होती, म्हणून जमीन उंचसखल आहे. तळं वाढलंय, कारण पाऊस जास्त झाला. कुंपण कललंय, कारण ते जुनं आहे. दर वर्षी एकेका गोष्टीला एकेक कारण देऊन मी ती बाजूला ठेवली होती, आणि मग पाइपजवळ बसून वीस मिनिटं तापमापी स्थिर होण्याची वाट पाहिली होती. आज मी केबल आणलीच नव्हती. हातात करवत होती. तिच्याकडे बघता बघता मला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी, की मी सवयीनं कापायला सुरुवात करीन.

‘‘घर तिकडं आहे!’’ मागून एजिय ओरडली. ती गुरांना घेऊन येत होती, पायांत रबरी बूट, कमरेवर हात. ‘‘बहिणीला भेटायचं की त्या लोखंडाला? आणि करवत घेऊन बसलायस ते बरं केलंस, भुऱ्या गाईचं एक शिंग डोळ्यात चाललंय.’’

‘‘एजिय, बस जरा.’’

‘‘गाई उभ्या आहेत, बसू काय? बोल.’’

मी बोललो. सगळं एकदम, आणि अर्थातच उलटसुलट. पाइप, करवत, एक मीटर बारा, फ्योदोर कार्लोविच, गाळ, विजार. मध्येच पायरीचंही सांगितलं. म्हणालो की माझा आकडा खोटा नाही, पण त्याचा अर्थ मी समजत होतो तो नाही. म्हणालो की मी दहा दिवसांपूर्वी ठणठणीत म्हणालो, ते म्हणायला नको होतं. जमीन खचतेय का ते मला माहीत नाही, खरंच माहीत नाही, पण तू उद्या संध्याकाळच्या आत सही कर, चूक माझी, लोकांनी काही म्हटलं तर माझं नाव सांग. एजिय ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर मला राग दिसेल असं वाटलं होतं, निदान धक्का. ती गाईच्या पाठीवरची माशी हाकलत होती.

‘‘मी सही केलीय,’’ ती म्हणाली.

‘‘कधी?’’

‘‘चार आठवडे झाले. घराचा नंबरही आलाय. सोळा.’’

मला पहिल्यांदा समजलंच नाही. चार आठवडे म्हणजे फोनच्या आधी. म्हणजे तिनं विचारलं, मी ठणठणीत म्हणालो, तेव्हा तिची सही होऊन गेली होती. सुटल्यासारखं वाटलं, खूप, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ काहीतरी फार जुनं आणि क्षुद्र वर आलं, की हिनं मला न विचारता सही केली.

‘‘मग फोनवर विचारलंस कशाला?’’

‘‘म्हटलं, तुला कळलं असेल तर बरं होईल.’’ तिनं खांद्यावरून घराकडे बोट दाखवलं. ‘‘तळघर बघितलंस आमचं? चल.’’

परसातलं आमचं बर्फाचं तळघर आजोबांनी खणलेलं. पाइपपासून साठ पावलांवर. सगळ्या घरांत असतं, गोठलेल्या मातीत शिडीनं उतरायचं, खाली मांस, मासे, हिवाळ्यात तळ्यातून कापून आणलेले पिण्याच्या बर्फाचे ठोकळे. जुलैत आम्ही दोघं तिथं उतरायचो. वर घामाच्या धारा, आणि खाली भिंतीवर बोटाएवढा जाड पांढरा बर्फ, माशांचा थंड वास, तोंडातून वाफ. ती मला मोजायला लावायची, किती वेळ टिकतोस बघू. एजियनं वरच्या फळ्या सरकवल्या. आत पाणी होतं. काळं, स्थिर, शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत, त्यात एक लाकडी डबा तरंगत होता.

‘‘हे कधीपासून?’’

‘‘पाणी होऊन सात वर्षं झाली. भिंती घामेजायला लागल्या त्याच्या खूप आधी.’’

‘‘पण मी दर वर्षी येतो! दर वर्षी तू मला मासे खायला घालतेस!’’

‘‘फ्रिजमधले. तुझ्या लक्षात आलं नाही. मी म्हणायचे, उतरू नकोस, कंबर धरेल, आणि तू नाही उतरायचास.’’

‘‘एजिय, सात वर्षं! मला का नाही सांगितलंस?’’

तिनं फळ्या पुन्हा जागेवर लावल्या. एकेक, नीट, कडेला कड. मग कमरेचा आधार घेत सरळ झाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, आणि आता मात्र तिच्या आवाजात ते होतं ज्याची मी मघापासून वाट बघत होतो. ‘‘तू विचारलंस? शहरातून येतोस, त्या पाइपला विचारतोस, लिहून घेतोस, चहा पितोस आणि जातोस. सगळ्या गावाला दिसत होतं. शेजारची आगाफ्या तर म्हणायची, तुझ्या भावाला सांग गं. मी म्हणायचे, तो शिकलेला आहे, त्याच्या आकड्यात असेल काहीतरी, आपल्याला काय कळतंय. आई गेली तरी तेच म्हणत राहिले. सात वर्षं पाण्याकडे बघत होते आणि म्हणत होते, असेल, असेल काहीतरी.’’ ती थांबली. ‘‘तुझं खोटं ठरू नये म्हणून मी माझे डोळे खोटे ठरवले, स्पिरा. शेवटी गेल्या महिन्यात गोठ्याचा कोपरा खाली गेला, वासरू अडकलं, तेव्हा जाऊन सही केली. आणि तुला सांगायचा धीर झाला नाही. मला वाटलं, तुला लागेल.’’

गाई दाराशी उभ्या राहून हंबरत होत्या. तिनं बादली उचलली, पुन्हा खाली ठेवली, आणि तीच उलटी करून तिच्यावर बसली. मी फळ्यांवर बसलो. खाली पाणी आहे हे माहीत असल्यामुळे मला अंग चोरून बसावं लागत होतं. माझ्या डोक्यात अजून काही जागेवर नव्हतं, पाइप वर आला असेल, जमीन गेली असेल, दोन्ही असेल, माझं सगळं काम आता काय म्हणायचं, कोण जाणे. पण एक प्रश्न होता आणि तो विचारायला माझ्याकडे सव्वीस वर्षं होती.

‘‘एजिय,’’ मी म्हटलं, ‘‘जमीन पहिल्यांदा कधी खचली?’’

तिनं बोटांवर वर्षं मोजली. ‘‘आगाफ्याच्या थोरल्याचं लग्न झालं, त्या उन्हाळ्यात. तळ्याच्या कडेला, जिथं आई गंजी रचायची, तिथं सकाळी बघते तर ताटाएवढा खड्डा. मी त्यात गवत भरलं. दुसऱ्या वर्षी गवतासकट खाली.’’ तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. ‘‘लिहून घे की. का हे पाइपचं नाही म्हणून लिहायचं नाही?’’

‘‘वही शहरातच राहिली,’’ मी म्हटलं. ‘‘सांग तू. मी लक्षात ठेवतो.’’